होडी मोडायची की तरंगवायची

माझ्याकडे लोक नवी होडी बनवून घ्यायला कमी यायचे आणि जुन्या होडीचं काय करायचं ते विचारायला जास्त. चाळीस वर्षं मी भिवंडीच्या खाडीकाठी सुतारकी केली. कशेळीपासून खारबावपर्यंत कुणाचीही होडी कुरकुरायला लागली की घरात एकच वाक्य ठरलेलं असायचं, "मिस्त्रीला दाखवा." मी जायचो, ठोकून बघायचो आणि सांगायचो, ठेवा नाहीतर मोडा. मग भाऊ भाऊ आपसांत काय वाटेल ते भांडोत, माझ्या शब्दापुढं कुणी जात नसे. आमची बायको म्हणायची, डॉक्टरनं सांगितलं तरी लोक दुसऱ्याचं मत घेतात, तुमच्या बाबतीत कसं कुणी घेत नाही? मी सांगायचो, दुसरा मिस्त्री आहेच कुठं या पट्ट्यात! सगळी पोरं गोडाऊनवर नाहीतर कापडाच्या लूमवर कामाला लागलेली.

होडी तपासायची म्हणजे फार काही जादू नसते. हातात एक लाकडी मोगरी आणि एक टोचा लागतो. मोगरीनं फळीवर वीत-वीत अंतरावर ठोकायचं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. शंका आली की टोचा घुसवून बघायचा. होडीच्या तळाशी पुढून मागपर्यंत एक जाडजूड लाकूड जातं, त्याला आम्ही पठाण म्हणतो. पठाण शाबूत तर होडी जिवंत. बाकीच्या फळ्या काय, बदलता येतात. आणि एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही ती म्हणजे होडीला मारतं ते खाडीचं खारं पाणी नाही, पावसाचं गोडं पाणी मारतं. खाऱ्या पाण्यात लाकूड लोणच्यासारखं टिकतं. गोडं पाणी आत साचलं की दोन पावसाळ्यांत फळ्यांना आतून धरणाऱ्या फासळ्या कुजून हातात येतात. म्हणून चिखलात रुतलेली होडी बघून लोक हळहळतात तेव्हा मला हसू येतं. बंगल्याच्या अंगणात रंगवून ठेवलेली होडी बघितली की मात्र जीव कळवळतो.

माझा शब्द एकदा चुकला होता. तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खारबावकडच्या एका म्हाताऱ्याची होडी बघायला गेलो होतो. त्या दिवशी दुसरीकडे जायची घाई होती. चार ठिकाणी ठोकलं, दोन ठिकाणी भद्द वाजलं, सांगून टाकलं की मोडा. आठ दिवसांनी त्यांनी करवत लावली तेव्हा मी सहज तिथं गेलो. पठाण कापला तर आतून लालबुंद साग, तेलकट, कालच तोडल्यासारखा. म्हातारा तो भुसा मुठीत घेऊन बसला होता. मला एका शब्दानं बोलला नाही, उलट चहा पाजला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर मी घाईत कुठल्याही होडीला हात लावला नाही.

तर आता हिराजी तांडेलांची गोष्ट. दोन हजार सातच्या आसपासची.

हिराजीदादा म्हणजे आमच्या खाडीवरचे जुने तांडेल, होडी हाकणारे. त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या भावानं मिळून इंजिनाची होडी घेतली होती. रस्ते धड नव्हते तेव्हा गवत, विटा, भात, बाजारची माणसं आणि लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिच्यातून जायचं. पुढं पूल झाले, ट्रक आले. होडीचं काम संपलं. थोरला भाऊ वारला आणि होडी कशेळीच्या मागच्या बाजूला, त्यांच्याच जमिनीच्या कडेला चिखलात पडून राहिली. दहा-बारा वर्षं झाली असतील. तिच्यात झुडपं उगवली, बगळे बसायला लागले.

थोरल्या भावाचा मुलगा जयेश. त्यानं त्या जमिनीवर गोडाऊनं बांधली आणि बऱ्यापैकी वर आला. गळ्यात चेन, दोन फोन, पण माणूस मोकळा. तो एक दिवस माझ्याकडे आला आणि म्हणाला, खाडीच्या कडेला भराव घालायचा आहे, पावसाच्या आत. होडी मधे येतेय. पण बाबांची होडी आहे, मोडवत नाही. नीट करून गोडाऊनच्या गेटासमोर बागेत ठेवू, कारंजं करू, लाइट सोडू. धंद्याच्या पार्ट्या येतात त्यांना कळेल की आम्ही मूळचे खाडीवाले. तुम्ही बघून सांगा होईल का.

मला वाटलं, हिराजीदादांना आनंद झाला असेल. त्यांची उभी हयात त्या होडीत गेली. मी त्यांच्या घरी गेलो. ते ओटीवर जाळं विणत बसले होते, काम काही नसलं की ते जाळं विणतात. मी विषय काढला. त्यांनी वरही बघितलं नाही.

"मोडून टाक तिला," ते म्हणाले. "मना इचारशील तं मोडच. काय न्हाय राहिला तिच्यात."

मी चाटच पडलो. पुतण्या ठेवा म्हणतो आणि तांडेल मोडा म्हणतो! उलटी गंगा. माझ्या चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी म्हटलं, एकदा बघून तर घेतो. ते म्हणाले, बघ, तुला कुणी नको सांगितलाय. पण स्वतः आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून मी चिखलात उतरलो. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. वरचा भाग गेलेला होता, कडेच्या फळ्या हातानं सोलून निघत होत्या. इंजिन गंजून जाम. वरून बघणारा कुणीही म्हणाला असता, जळण आहे. मी वीत-वीत ठोकत खाली आलो. मधल्या सहा-सात फळ्या भद्द. त्याखाली मात्र आवाज बदलला. पठाणाभोवतीचा चिखल फावड्यानं काढला आणि मोगरी मारली तर ठण्ण! मी एकटाच होतो तरी मोठ्यानं हसलो. टोचा मारला तर टोकही आत जाईना.

मग आत चढलो. आत फासळ्या कुजलेल्या असणारच असं मी धरून चाललो होतो, कारण वरून इतक्या वर्षांचा पाऊस. पण फासळ्या शाबूत. मी खाली वाकून बघितलं तर तळाचं बूच काढलेलं. म्हणजे पावसाचं पाणी साचतच नव्हतं, आणि भरतीला खाडीचं पाणी आत येऊन जात होतं. बरं, बूच पडलं असेल म्हणावं तर ते सुतळीनं बांधून फासळीला अडकवून ठेवलेलं होतं, आणि सुतळी नवी होती. कोपऱ्याकोपऱ्यात जाडं मीठ. मिठागरावरचं, काळपट, ढेकळंच्या ढेकळं. फासळ्यांच्या वरच्या सांध्यात, भरतीचं पाणी पोचत नाही तिथं, दाबून बसवलेलं. असं मीठ भरतीबरोबर येत नाही. ते कुणीतरी पोत्यातून आणून टाकलेलं असतं, दरवर्षी, पावसाच्या आधी.

असं करणारा माणूस या खाडीवर एकच होता. जो मोडा म्हणत होता तोच.

मी तसाच चिखलाच्या पायांनी त्यांच्या ओटीवर गेलो. वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं, मी ते बाजूला ठेवलं. म्हटलं, दादा, मढ्याला कुणी औषध पाजतं का? मोडायची होती तर मीठ कुणासाठी टाकत होतात? त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"तो तिला बागेत ठेवनार हाय," ते म्हणाले. "कुंड्या ठेवनार तिच्यात. लाइट लावनार. मी रोज त्या गेटावरून जातंय, मिस्त्री. मेलेली पाहीन, पन तशी न्हाय पाहनार."

आता कळलं. मी त्यांना विचारलं, पाण्यात ठेवली तर? ते म्हणाले, त्याला पाण्यात कशाला पाहिजे? त्याला पोहता तरी येतं का? आणि ते खरंच होतं. तांडेलाच्या घरातला मुलगा, पण पाण्याला घाबरायचा.

मी जयेशला सरळ सांगितलं. पठाण चांगला आहे, होडी होईल. पण उन्हात बागेत ठेवलीस तर एका उन्हाळ्यात फळ्या सुकून आखडतील, मधे बोट जाईल एवढ्या फटी पडतील, आणि दोन वर्षांत तुझ्या पार्ट्यांसमोर तिचा सांगाडा उभा राहील. लाकडी होडी पाण्यातच राहायला हवी. हे मी काकांसाठी बनवून सांगितलं नव्हतं, धंद्यातलं खरं सांगितलं होतं. काका काय म्हणाले ते मात्र सांगितलं नाही, तो त्यांच्या घरचा मामला. जयेशनं डोकं खाजवलं. तो व्यवहारी माणूस. म्हणाला, ठीक आहे, तुम्ही म्हणता तर पाण्यात. पण माझ्या माणसांसमोर ती बुडाली तर माझी शोभा होईल. आठ दिवस पाण्यात न बुडता राहिली तर काकांच्या ताब्यात, धक्क्यावर बांधा. नाहीतर सरळ बागेत, मग सांगाडा झाला तरी चालेल. मी छाती काढून हो म्हटलं. माझ्याशी पैज कोण लावतो!

दोन महिने काम चाललं. जयेशच्या गोडाऊनवरच्या हायड्रानं, म्हणजे त्या पिवळ्या क्रेननं, होडी उचलून काठावर आणली. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या सागाच्या बसवल्या. इंजिन एका ट्रॅक्टरवाल्या मेकॅनिकनं आठ दिवस डिझेलमधे बुडवून ठेवलं आणि सोडवलं. हिराजीदादा पहिले काही दिवस आलेच नाहीत. मग लांब उभे राहून बघायला लागले. मग खिळे सरळ करायला बसले. शेवटी मला शिकवायला लागले, तेव्हा मी समजलो की गडी माणसांत आला.

आता फटींचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. होडीच्या दोन फळ्यांमधे फट असतेच. त्यात सुती दोऱ्याची वात तेलात भिजवून बोथट पटाशीनं ठोकून बसवायची आणि वरून राळ तापवून ओतायची. पाण्यात गेल्यावर सूत फुगतं, लाकूड फुगतं आणि दोघं मिळून फट घट्ट दाबतात. भिवंडीत राहून सूत विकत कोण आणतो? शेलार गावचा माझा दोस्त कासमभाई, त्याचे लूम. लूमवरचं तुटकं सूत, ज्याला सगळे वेस्ट म्हणतात, ते मी पंचवीस वर्षं त्याच्याकडूनच आणायचो. मधे चार-पाच वर्षं मला नवं काम नव्हतं म्हणून गेलो नव्हतो. या वेळी निरोप पाठवला, त्यानं पोतं भरून पाठवलं. पांढरंशुभ्र, मऊ. मी खूष. सगळ्या फटी भरल्या.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी जयेशनं बँड आणला होता. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, गाव जमलं. भरतीला होडी तरंगली आणि हिराजीदादा सुकाणूपाशी उभे राहिले. त्यांचं तोंड बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. थोड्या वेळात तळाशी पाणी दिसायला लागलं. जयेश माझ्याकडे बघायला लागला. मी सगळ्यांना ऐटीत समजावून सांगितलं की होडी पहिल्यांदा पाणी पितेच, उद्यापर्यंत तिची तहान भागते. दादांनीही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी होडी पाणी पीतच होती. आम्ही दोघं डब्यानं पाणी उपसत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्याला बांधलेल्या जागी कडेपर्यंत बुडून बसली होती. जयेश काही वाईट बोलला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, जाऊ दे मिस्त्रीकाका, जुनी झाली ती, बागेत चांगली दिसेल. हिराजीदादा डबा घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते. मला तो भुसा मुठीत घेतलेला म्हातारा आठवला.

भरती ओसरल्यावर मी तिच्या पोटाखाली गेलो. एका फटीतली राळ खरवडली, वात ओढून काढली. तीन दिवस पाण्यात राहून ती तशीच्या तशी, बारीक. सूत असतं तर फुगून बोटाएवढं झालं असतं. माझे वडील मला लहानपणी शिकवायचे, वात भरण्याआधी एक दोरा जाळून बघ. सूत जळलं तर राख होते आणि कागदासारखा वास येतो. पंचवीस वर्षं कासमभाईकडे सूतच होतं, त्यामुळे जाळून बघायची माझी सवय कधीच गेली होती. मी दोरा वाळवून काडी लावली. तो आखडला, वितळला आणि टोकाला काळा मणी झाला. पॉलिस्टर!

मी तडक शेलारला गेलो. वाटेत काय काय शिव्या तयार केल्या होत्या ते छापता येणार नाही. कासमभाई चहा पीत होता. मी तो काळा मणी त्याच्या बशीत ठेवला. त्याला आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा तो उलट माझ्यावरच भडकला. अरे बाबा, सूत चालवणारे इथे उरलेत किती, मी सगळे लूम कधीच पॉलिस्टरवर टाकले, साऱ्या भिवंडीला माहीत आहे. तू माणूस पाठवलास, वेस्ट पाहिजे म्हणालास, मी वेस्ट दिलं. कशाला पाहिजे ते विचारलं नाही हे माझं चुकलं असेल.

"पण मिस्त्री तू हाय का मी?" तो म्हणाला.

चूक माझीच होती. मी खाली बसलो आणि त्याच्या कपातला उरलेला चहा प्यालो.

पण कासमभाई दिलदार माणूस. त्याला ती होडी माहीत होती. त्याच्या बहिणीचं वऱ्हाड तिच्यातूनच गेलं होतं. त्यानं मला स्कूटरवर मागं बसवलं आणि आम्ही दोघं सुती दोरा शोधत अख्खी भिवंडी फिरलो. हसू नका, पण कापडाच्या त्या गावात आम्हाला सूत मिळेना. जिथं जावं तिथं कासमभाई काडी पेटवून बघायचा आणि मणी व्हायचा. एका कारखानदारानं तर आम्ही लूम पेटवायला आलो म्हणून हाकलून दिलं. शेवटी टॉवेल काढणारा एक कारखाना सापडला. दोऱ्याची राख झाली, कागदाचा वास आला, आणि आम्ही दोन म्हातारे तिथं रस्त्यावर लहान पोरांसारखे हसत उभे राहिलो.

परत येऊन मी जयेशकडे गेलो. होडी जुनी म्हणून बुडाली नाही, माझ्या चुकीनं बुडाली, हे त्याला त्याच्या माणसांसमोर सांगितलं. बँड ज्यांच्यासमोर वाजला त्यांच्यासमोरच सांगायला हवं होतं. आठ दिवसांतले पाच उरले होते. म्हटलं, पैज हरलो खरी, पण ते पाच दिवस दे, तरंगवून दाखवतो. तो म्हणाला, तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं. मी म्हटलं, म्हणून तर सांगितलं. त्यानं हायड्रा पाठवला.

तीन दिवस मी आणि हिराजीदादांनी पॉलिस्टर उपसलं आणि सूत भरलं. दर वातीआधी दादा स्वतः काडी पेटवायचे आणि राख माझ्या नाकाशी धरायचे. मी निमूट वास घ्यायचो. दुसरं काय करणार!

दुसऱ्यांदा होडी सोडली तेव्हा बँड नव्हता, नारळही घरातलाच. जयेश मात्र पँट दुमडून आला होता. संध्याकाळपर्यंत तळाशी चार बोटं पाणी झालं. मी ते उपसून काढलं आणि एका फासळीवर पेन्सिलीनं खूण केली. सकाळी बघतो तर खुणेपर्यंत पाणी आलेलंच नाही, तळ नुसता ओलसर. दादांनी सगळ्या फटींवरून हात फिरवला, एकेक करून. मग इंजिनाची दोरी ओढली. तीन वेळा खोकून इंजिन लागलं.

आम्ही तिघं निघालो. मी पुढं, जयेश मधे, दोन्ही हातांनी बसायची फळी घट्ट धरून. खाडीच्या मध्यावर आल्यावर दादांनी इंजिन हळू केलं आणि मला विचारलं, खरं सांग मिस्त्री, किती वर्सं चालंल? एकदा तोंड पोळलेलं, त्यामुळे मी जपून सांगितलं की नीट ठेवलीत तर दहा, त्यापुढचं सांगणार नाही.

"दहा काय करूचीत," दादा हसत म्हणाले. "मी चौऱ्याहत्तरचा हाय. मना पाच पुरं."

सहज म्हणाले ते, पण मला काही वर बघवेना. मी उगाच पायाखालचं पाणी पुसत बसलो. तेवढ्यात मागून जयेशचा आवाज आला. "मग उरलेली पाच माझी," तो म्हणाला. "काका, सुकाणू शिकवा मला."

दादा सुकाणूपाशी जरा सरकले आणि जागा केली. जयेश एवढा मोठा गोडाऊनवाला, पण चार पायांवर रांगत मागं गेला. त्याच्या हातावर दादांनी आपला हात ठेवला, मग काढून घेतला. आणि पहिल्याच वळणावर त्यानं होडी नेऊन चिखलात घातली. ओहोटी लागलेली, आता ढकलूनही निघणार नव्हती. जयेश घाबरून काकांकडे बघायला लागला. त्याचे दोन्ही फोन वाजत होते, गोडाऊनवर कुणी पार्टी येऊन थांबली होती.

"बस आता," दादा म्हणाले. "भरती येल." आणि त्यांनी त्याला खाडीतल्या वळणांची नावं सांगायला सुरुवात केली. जयेशनं दोन्ही फोन बंद केले.